घरातल्या खाटेचा खर्च

खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन होते, टाके निघतात, विमा कंपनी बिल मंजूर करते आणि ब्याऐंशी वर्षांच्या आजी ॲम्ब्युलन्समधून यारी रोडच्या घरी येतात. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते, फिजिओथेरपी लिहिलेली असते, पुन्हा कधी दाखवायला यायचे तेही असते. आजींना संडासला कोण नेणार, रात्री कुशीवर कोण वळवणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, याबद्दल त्या कार्डावर एक अक्षर नसते. खरा खर्च सुरू होतो तो मात्र तिथूनच. ऑपरेशनचा खर्च एकदा होऊन संपतो, घरातल्या खाटेचा खर्च दर महिन्याला येतो, आणि तो किती महिने येणार हे कोणी सांगू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत ज्येष्ठांसाठीच्या योजना वाढल्या, हे मान्य करायलाच हवे. पण एकेक योजना तपासत गेले की लक्षात येते की जवळजवळ सगळी मदत दवाखान्याच्या दारापाशी थांबते. आपली व्यवस्था आजार मोजते, परावलंबन मोजत नाही. आंघोळ, कपडे, जेवण, अंथरुणातून उठणे, चालणे आणि शौचाला जाणे ही रोजची सहा कामे ज्याला स्वतःची स्वतः करता येत नाहीत, त्याला वैद्यकशास्त्र मदतीवाचून जगू न शकणारा माणूस मानते. सरकारी आणि विम्याच्या कागदांत मात्र तो फक्त ‘घरी सोडलेला रुग्ण’ असतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या वृद्धांची मोठी पाहणी केली. तीत साठीपुढच्या साधारण चौथ्या हिश्शाला या सहांपैकी किमान एका कामात अडचण येत असल्याचे आढळले. त्याच पाहणीच्या पुढच्या अभ्यासातून साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. देशभरात असे सुमारे ८८ लाख लोक आहेत.

हा प्रश्न मुंबईच्या वर्सोव्यात बसून पाहण्याजोगा आहे, कारण इथे अर्ध्या तासाच्या चालीत तीन तऱ्हेची घरे भेटतात. सात बंगला आणि यारी रोडवरच्या सोसायट्यांत मुले परदेशी गेलेली आणि मोठ्या फ्लॅटमध्ये दोघेच उरलेली जोडपी राहतात. चार बंगल्याजवळच्या म्हाडा वसाहतींत बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला मध्यमवर्ग आहे. आणि कोळीवाड्यात जन्मभर टोपली डोक्यावर घेऊन म्हावरे विकलेल्या, कुठल्याही कचेरीच्या पेन्शनपटावर नाव नसलेल्या बाया आहेत. तिन्ही घरांत खाट येते. तिन्ही घरांत हिशेब वेगळा बसतो, आणि तिन्ही घरांत तो अपुराच पडतो.

आधी दर पाहू. रुग्ण सांभाळणारी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून बारा तासांची मावशी घेतली तर अंधेरी पश्चिमेला महिन्याला साधारण २० ते ३० हजार रुपये पडतात. चोवीस तास घरी राहणारी मावशी २५ ते ३५ हजारांत मिळते, शिवाय तिचे जेवण आणि झोपायची जागा. पुरुष रुग्णाला उचलायला ‘मामा’ हवा असेल तर थोडे जास्त. नाकातून घातलेली अन्ननळी, सक्शन, घशाला पाडलेले छिद्र यांपैकी काही असेल तर मावशी पुरत नाही. नर्सिंगचे शिक्षण घेतलेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंद असलेली परिचारिका लागते आणि तिची बारा तासांची ड्यूटी ४५ हजारांच्या पुढे जाते. फिजिओथेरपिस्ट घरी येण्याचे दर फेरीला ७०० ते १,२०० घेतात. दिवसाला तीन डायपर आणि एकाची किंमत ४० रुपये धरली तर महिन्याला ३,६०० रुपये नुसते डायपरचे होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये रुग्णांच्या डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर पूर्ण गेला. हा दिलासा खरा आहे, पण हिशेबाचे स्वरूप त्याने बदलत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे घर मावशीसह महिन्याला ४० ते ५० हजारांवर जाते, परिचारिका लागली की लाखाच्या आसपास.

या पैशांत काय विकत घेतले जाते, हे ज्यांच्या घरी अजून खाट आलेली नाही त्यांना सहसा ठाऊक नसते. सकाळी आठला ड्यूटी बदलते. त्याआधी अंधेरीहून येणाऱ्या मेट्रोतून वर्सोवा स्थानकावर पिशवी सावरत उतरणाऱ्या बायांत कितीतरी जणी या कामाच्या असतात. नालासोपारा-विरारहून लोकल आणि मग मेट्रो, असा त्यांचा रस्ता. घरी पोचल्यावर रात्रीची मावशी दिवसाच्या मावशीला वही दाखवते. शंभर पानी साधी वही, पट्टीने आखलेले रकाने: बीपी, साखर, लघवी किती, शौचाला झाली का, किती वाजता कोणत्या कुशीवर वळवले. “ताई, दोनला आणि चारला वळवलं, माकडहाडापाशी थोडं लाल दिसतंय बघा,” हे एक वाक्य पुढचा महिनाभराचा खर्च वाचवू शकते. तो लालसर डाग वेळेत दिसला नाही तर आठवड्याभरात त्वचा फाटते, बेडसोअर होतो, ड्रेसिंगला नर्स यावी लागते आणि अनेकदा पुन्हा ॲडमिट व्हावे लागते. दर दोन तासांनी वळवणे, पाठ कोरडी ठेवणे, घास देताना डोके थोडे पुढे झुकवणे ही कामे कौशल्याचीच आहेत. आपण त्यांना ‘वरकाम’ म्हणत आलो, ते बंद व्हायला हवे.

आता मदतीकडे वळू, आणि सुरुवात आरोग्य विम्यापासूनच करू, कारण बहुतेक घरांचा पहिला भरवसा त्याच्यावर असतो. विमा नियामकाने सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या शब्दांत ठरवून दिलेले काही अपवाद पॉलिसीत छापलेले असतात. त्यांतला पाचवा अपवाद वाचून ठेवा. आंघोळ, कपडे, हालचाल अशा रोजच्या कामांसाठी घरी किंवा संस्थेत घेतलेली शुश्रूषा, मग ती नर्सने केलेली असो की मदतनिसाने, विम्यात बसत नाही. अखेरच्या आजारातल्या माणसाला दिलेला मानसिक आणि सामाजिक आधारही त्याच अपवादात येतो. पॉलिसीत ‘डोमिसिलियरी’ उपचारांचा उल्लेख असतो तो वेगळा: आजार दवाखान्यातच उपचार करण्यासारखा, पण रुग्णाला हलवता येत नाही किंवा दवाखान्यात जागा नाही, अशा वेळचा तो तात्पुरता बंदोबस्त आहे. मावशीचा पगार त्यातून कधीच मिळत नाही. मिळू शकते ते एवढेच: डिस्चार्जनंतरच्या ठरावीक मुदतीतली औषधे, तपासण्या, डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी. ही मुदत अनेक पॉलिसींत ६० ते ९० दिवसांची असते. फिजिओच्या प्रत्येक फेरीची पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवली तर निदान तेवढे पैसे परत येतात. पुष्कळ कुटुंबे ते मागतच नाहीत. खाटेभोवतीच्या धावपळीत कागद हरवतात.

सरकारी विम्याचीही तीच गत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होऊ शकतात. सात बंगल्यातल्या फ्लॅटमालकालाही ते मिळते, कोळीवाड्यातल्या आजीलाही. ही मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी अजून कार्ड काढले नाही त्यांनी ते काढावे. पण योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस औषधपाण्यापुरते तिच्यात धरलेले आहेत. सोळाव्या दिवसापासून कुटुंब आपले आपण. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सर्वांना खुली आहे, तीही रुग्णालयापुरतीच.

मग उरते स्वतःची पुंजी. म्हाडातल्या निवृत्त माणसाचा सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख आहे, व्याज ८.२ टक्के. मर्यादेपर्यंत पूर्ण पैसे ठेवले तर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये येतात. जन्मभराच्या बचतीचा हा सर्वांत मोठा कायदेशीर कप्पा एका बारा तासांच्या मावशीच्या पगारात संपतो. रात्रीची ड्यूटी, डायपर, औषधे, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळे दुसरीकडून उभे करावे लागते. नवरा-बायको दोघांच्या नावे वेगवेगळी खाती असतील तर चित्र थोडे बरे दिसते, पण दोघांपैकी एकाच्या खाटेवर दोघांचीही पुंजी जाते. मागे राहणारी बहुतेक वेळा बाई असते आणि तिची खाट अजून यायची असते. घरात बसून हिशेब करताना ही गोष्ट उघड बोलायला जड जाते. तरीही बोलली पाहिजे.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर मूळ पेन्शनच्या २० टक्के, पंच्याऐंशीनंतर ३० टक्के अशी वाढ मिळत जाते आणि शंभरीला पेन्शन दुप्पट होते. वय वाढले की परावलंबन वाढते हे तत्त्व सरकारने निदान स्वतःच्या माजी नोकरांपुरते मानले आहे, हे त्यावरून दिसते.

प्राप्तिकराच्या सवलतींविषयी गैरसमज पुष्कळ आहेत, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. १९६१ च्या कायद्यातली ‘८० डी’, ‘८० डीडीबी’, ‘८० डीडी’ ही कलमे घराघरांत माहीत आहेत. एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू होताना कलमांचे आकडे बदलतात. विमा नसलेल्या ज्येष्ठाच्या औषधोपचारावर ५० हजारांपर्यंतची वजावट, कर्करोग, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आणणारा पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश अशा ठरावीक आजारांवरच्या उपचारखर्चाला १ लाखापर्यंत, आणि अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांच्या सांभाळासाठी ७५ हजार किंवा तीव्र अपंगत्वात सव्वा लाखाची सरसकट वजावट, असे या सवलतींचे स्वरूप आहे. घरच्या खाटेला खरा उपयोग होतो तो शेवटच्या सवलतीचा. तिच्यात किती खर्च केला याच्या पावत्या मागत नाहीत. मावशीच्या पगारासारखा खर्च तिच्यात आपोआप सामावतो. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या वडिलांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवणे त्यामुळे फायद्याचे असते.

अडचणी दोन आहेत. पहिली, या तिन्ही सवलती जुन्या करपद्धतीतच मिळतात आणि आता नवी पद्धत आपोआप लागू होते, जुनी मुद्दाम निवडावी लागते. दुसरी अडचण मुळातली आहे. कराची सवलत कर भरणाऱ्यालाच मिळते. वर्षाला सहा लाख व्याज आणि पेन्शन असलेल्या आजोबांना नव्या पद्धतीत तसाही कर बसत नाही, तेव्हा त्यांना या वजावटीचा उपयोग शून्य. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या मुलाने सव्वा लाखाची वजावट घेतली तर उपकरासह त्याचे वर्षाचे ३९ हजार वाचतात, म्हणजे महिन्याला ३,२५० रुपये. सर्वांत जास्त कमावणाऱ्या मुलाला डायपरपुरती मदत मिळते. मुलगाच नसलेल्या आजोबांना तीही नाही. शिवाय ५० हजारांची ती औषधोपचाराची वजावट रोखीने केलेल्या खर्चाला मिळत नाही, आणि मावशीचा, ड्रेसिंगवाल्याचा सगळा व्यवहार आपल्याकडे रोखीचा. परदेशातून मुलाने आईवडिलांना पाठवलेल्या पैशावर त्यांना कर लागत नाही, एवढे इथेच सांगून ठेवतो. त्या भीतीने पैसे न मागणारे वृद्ध मी पाहिले आहेत.

वर्सोव्यातल्या सोसायट्यांत सर्वांत मोठी संपत्ती भिंतींत अडकलेली असते. हाती महिन्याला तीस हजार आणि राहते घर दोन-तीन कोटींचे, अशी कितीतरी घरे आहेत. त्यांच्यासाठी २००७ मध्ये उलट गृहकर्जाची, रिव्हर्स मॉर्गेजची, योजना आली. साठीपुढच्या मालकाने घर बँकेकडे तारण ठेवायचे, बँक त्याला दरमहा पैसे देते, तो आणि जोडीदार असेपर्यंत घरातच राहतात, आणि दोघांच्या पश्चात वारस कर्ज फेडून घर ठेवतात किंवा बँक घर विकून उरलेली रक्कम वारसांना देते. मिळणाऱ्या रकमेवर कर नाही. कल्पना उत्तम आहे. अठरा वर्षे उलटली तरी ती रुजली मात्र नाही आणि तिच्याबद्दल बोलताना सगळा दोष ‘आपली भावनिक गुंतवणूक’ या एका कारणावर टाकला जातो. मला ते पटत नाही. आकडा करून पाहा. समजा बँकेने घरावर व्याजासह एकूण १ कोटीची मर्यादा ठरवली आणि व्याज १० टक्के आहे. कर्जाची मुदत २० वर्षे घेतली तर हातात महिन्याला जेमतेम १३ हजार येतात. १५ वर्षांना २४ हजार. १० वर्षांना मात्र जवळपास ४९ हजार. पासष्टीत घाईने वीस वर्षांची मुदत घेतलेल्याला त्यातून काहीच साधत नाही. ऐंशीच्या घरात, खाट आल्यावर, दहा वर्षांच्या मुदतीने घेतले तर हेच कर्ज पूर्ण मावशी आणि औषधे पेलते. मुदत संपल्यावरही घरातून कोणी काढत नाही, मासिक पैसे तेवढे थांबतात. हे गणित ज्येष्ठांना समजावून सांगायला बँकेत कोणी बसलेले नसते.

कागदपत्रांचे अडथळे त्याहून मोठे. घर स्वकष्टार्जित आणि निर्वेध मालकीचे हवे, पागडीची जागा चालत नाही. इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर असेल तर बँक हात आखडता घेते, आणि इथल्या जुन्या म्हाडा वसाहतींपैकी किती इमारती त्या वाटेवर आहेत हे रहिवाशांना ठाऊक आहे. पुनर्विकासाच्या काळात वृद्धांची आणखी एक ओढाताण होते. बिल्डर भाडे देतो, पण लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खाट आणि व्हीलचेअर कशी न्यायची? सोसायटीचा करार होताना अंथरुणाला खिळलेल्या सभासदांच्या स्थलांतराचे एक कलम घालून घ्यायला काही खर्च येत नाही. कोळीवाड्यातल्या घरांना तर बँकेच्या पसंतीचे कागदच बहुधा नसतात. पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती असून तारणाच्या जगात ती घरे जणू नाहीतच.

कोळीवाड्यात मग काय मदत पोचते? श्रावणबाळ योजनेतून पासष्टीपुढच्या निराधाराला महिन्याला १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मुंबईत ज्या घरात एक माणूस कामाला जातो ते घर या अटीत खरेपणाने बसूच शकत नाही. बसले तरी १,५०० रुपयांत मावशीचे जेमतेम दोन दिवस निघतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या पासष्टीपुढच्या व्यक्तीला चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३ हजार रुपये बँक खात्यात येतात. त्या वस्तूंचा उपयोग मोठा आहे. योग्य उंचीचा वॉकर आणि संडासातली पकडदांडी यांनी एक पडणे टळते, आणि खाट अनेकदा एका पडण्यातूनच येते. खाट आलीच तर तिथे पैशाऐवजी माणसे उभी राहतात. पहाटे बाजाराला जाणारी सून, दुपारी बसणारी शेजारीण, शाळेतून आलेली नात अशी पाळी लागते. ती पाहून ‘आपल्याकडे कुटुंबव्यवस्था अजून टिकून आहे’ असे म्हणणे सोपे आहे. त्या सुनेचे बाजाराचे बुडालेले दिवस मात्र कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत, आणि नातीच्या शाळेच्या बुडालेल्या तासांचीही कुठे नोंद नसते.

एका जुन्या मराठी सोयीचा उल्लेख इथे आनंदाने करावासा वाटतो. रुग्णसाहित्य केंद्रे. गणेश मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, पक्षांच्या शाखा, जनकल्याण समितीसारख्या संस्था व्हीलचेअर, वॉटर बेड, कमोड खुर्ची, ऑक्सिजनचे यंत्र नाममात्र भाड्याने किंवा नुसत्या अनामत रकमेवर देतात. डोके-पाय वर करता येणारी नवी फाउलर कॉट विकत घ्यायची घाई करण्याआधी आपल्या भागात चौकशी करावी. आजोबा गेल्यानंतर घरात पडून राहिलेली व्हीलचेअर तिथेच द्यावी.

पैसे असूनही न देणाऱ्या मुलांसाठी २००७ चा कायदा आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण असे त्याचे नाव. महाराष्ट्रात तो मार्च २००९ पासून लागू आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे साध्या अर्जावर दाद मागता येते, ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. पण निर्वाहाची कमाल मर्यादा महिन्याला १० हजार, आणि ती २००७ ची. मावशीच्या अर्ध्या पगाराएवढी रक्कम मिळवण्यासाठी खाटेवरच्या बाईने मुलावर अर्ज करावा, ही अपेक्षाच क्रूर आहे. या कायद्याचे खरे बळ त्याच्या २३ व्या कलमात आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका आईच्या बाजूने निकाल देऊन बक्षीसपत्र रद्द केले आणि घराचा ताबाही परत मिळवून देता येतो हे स्पष्ट केले. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करणे महाराष्ट्रात फार खर्चाचे नाही, म्हणून ती चटकन केली जातात. ज्यांना करायचेच आहे त्यांनी सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. नात्याचा अपमान होईल म्हणून ती गाळू नये.

या सगळ्या हिशेबात एक व्यक्ती खर्चाच्या बाजूला लिहिली जाते, ती मावशी. तिचा दर परवडत नाही म्हणून आपण कुरकुरतो, तेव्हा एक वजाबाकी करून पाहावी. बारा तासांचे २५ हजार आणि चोवीस तासांचे ३० हजार, म्हणजे रात्रीच्या बारा तासांची किंमत महिन्याला ५ हजार, रात्रीला १७० रुपयांहून कमी. त्यात दर दोन तासांनी वळवणे, एकदा लघवीची पिशवी रिकामी करणे आणि आजी ओरडून उठल्या तर तासभर त्यांचा हात धरून बसणे आले. ब्युरो त्यातून आपले कमिशन कापते. सुट्टी घेतली तर तो रोज बुडतो. तिची कंबर गेली तर तिच्या घरच्या खाटेचे काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ब्युरो उघडायला कसली पात्रता लागत नाही, बाईला पाठवण्याआधी किती दिवसांचे शिक्षण द्यायचे हे कोणी ठरवून दिलेले नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा २००८ चा आहे, पण त्याचा भर कल्याणकारी लाभांवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला केंद्राला सांगितले. तोवर निदान प्रत्येक घराने स्वतःहून आठवड्याची एक सुट्टी, रात्री सलग झोपेचे काही तास आणि पगार थेट तिच्या बँक खात्यात, एवढे पाळावे. मावशीचा दर कमी करून हा प्रश्न सुटणार नाही. तिच्या आणि कुटुंबाच्या मध्ये तिसऱ्या कोणाचा तरी पैसा यावा लागेल.

तसा पैसा आणणाऱ्या व्यवस्था जगात आहेत. जर्मनीने १९९५ पासून सक्तीचा शुश्रूषा विमा लागू केला. माणूस किती परावलंबी आहे याच्या पाच श्रेणी ठरतात आणि घरचेच माणूस सांभाळत असेल तर त्या श्रेणीनुसार दरमहा रोख भत्ता मिळतो. २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीला ३४७ युरो, पाचव्या श्रेणीला ९९० युरो. जपानने एप्रिल २००० मध्ये चाळिशीपासून हप्ता घेणारा विमा आणला, पण रोख रक्कम मुद्दाम टाळली आणि प्रत्यक्ष सेवाच द्यायचे ठरवले. पैसे घरात दिले तर काम पुन्हा सुनेच्याच गळ्यात पडेल, असा आक्षेप तिथल्या स्त्रियांच्या संघटनांनी घेतला होता. महाराष्ट्रात योजना आखणाऱ्यांनी हा वाद जरूर वाचावा, कारण आपल्याकडेही भत्ता कोणाच्या नावावर येणार आणि काम कोण करणार हा प्रश्न तसाच उभा राहील. माझे मत सेवेच्या बाजूचे आहे. भत्ता दिलाच तर तो प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात जावा.

परदेशाचे दाखले परवडत नाहीत असे वाटणाऱ्यांसाठी केरळ आहे. तिथे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्या घरच्या व्यक्तीसाठी ‘आश्वासकिरणम’ योजनेत महिन्याला ६०० रुपयांची मदत ठरवली गेली. रक्कम अगदी तुटपुंजी, पण सांभाळणारी व्यक्ती सरकारी कागदावर आली, हे महत्त्वाचे. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीतून पुढे राज्याचे धोरण ठरले आणि पंचायतीच्या परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. तामिळनाडूने २०२१ पासून बीपी-मधुमेहाची औषधे, फिजिओथेरपी आणि वेदनाशमन दारात नेले. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातले पहिले हॉस्पिस. वेदनाशमनाची ओळख या शहराला नवी नाही. पालिकेचा ‘आपला दवाखाना’ २०२२ पासून वस्त्यावस्त्यांत आला आहे, आरोग्यसेविका घरोघर फिरतातच. त्यांच्या भेटींत खाटेवरच्या रुग्णाचा समावेश करायला नवी इमारत बांधावी लागणार नाही.

केंद्राच्या पातळीवर एक संधी हुकली आहे, ती पुन्हा साधता येईल. २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्यात निर्वाहाची १० हजारांची मर्यादा काढायची होती आणि घरी शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान दर्जा ठरवायचा होता. म्हणजे ब्युरोंना पहिल्यांदाच नियम लागले असते. स्थायी समितीने अहवाल दिला, विधेयक पुढे सरकले नाही, आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते रद्दबातल झाले. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि फेस्कॉमसारख्या महासंघाने आपल्या खासदाराकडे मागायची पहिली गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट राज्याच्या हातात आहे: परावलंबनाचा दाखला. उत्पन्नाचा दाखला मिळतो, वयाचा मिळतो, अपंगत्वाचा मिळतो. आंघोळ, कपडे, जेवण, उठणे, चालणे, शौच यांपैकी किती कामांत माणसाला दुसऱ्याची मदत लागते हे लिहून देणारा कागद कुठेच मिळत नाही. म्हणून विमा कंपनी ते धरत नाही, प्राप्तिकर ते ओळखत नाही आणि श्रावणबाळमध्ये अपंगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर स्वतःच्या पायांनी फिरणाऱ्याला आणि खाटेवरच्याला सारखेच १,५०० मिळतात. प्रभागातल्या दवाखान्याचा डॉक्टर घरी येऊन असा दाखला देऊ शकेल. त्यासाठी रुग्णाला ॲम्ब्युलन्समध्ये घालून वैद्यकीय मंडळापुढे न्यायची गरज नाही. असा कागद हाती आला की त्यावर पेन्शनची वाढ, रात्रीच्या मावशीचे अनुदान, विम्याची जोडपॉलिसी, करवजावट असे बरेच काही उभे करता येईल. पहिला प्रयोग वर्सोवा ज्यात येतो त्या पालिकेच्या के-पश्चिम वॉर्डात करावा. टॉवर, म्हाडा आणि कोळीवाडा इथे एकाच आरोग्यसेविकेच्या फेरीत येतात, आणि तिन्ही घरांतल्या खाटांची एकत्र यादी अजून कोणी केलेली नाही.